धार आणि पाठ : जुन्या वस्तऱ्यांच्या पुनःसंस्काराचा इतिहास

संस्कृतमधील ‘क्षुर’ आणि ग्रीकमधील ‘क्सुरोन’ हे शब्द एकाच मुळातून आलेले आहेत, हे तौलनिक भाषाशास्त्राने केव्हाच दाखवून दिले आहे. लक्षणीय गोष्ट अशी की दोन्ही परंपरांत हा शब्द फार लवकर रूपकाच्या क्षेत्रात शिरला. कठोपनिषदाच्या तिसऱ्या वल्लीत ज्ञानाची वाट क्षुराच्या धारेसारखी ओलांडण्यास अवघड म्हटली आहे. ‘इलियड’च्या दहाव्या सर्गात वृद्ध नेस्टर रात्री डायोमिडीजला झोपेतून उठवून सांगतो, की साऱ्या ग्रीकांचे जगणे-मरणे वस्तऱ्याच्या धारेवर उभे आहे. एका ठिकाणी धार ही चालण्याची वाट आहे, तर दुसऱ्या ठिकाणी ती तोल सावरण्याची, किंवा जाण्याची, जागा आहे. सॉमरसेट मॉमने १९४४ साली आपल्या कादंबरीचे नाव कठोपनिषदावरून घेतले, तेव्हा तिच्या इंग्रज व अमेरिकन वाचकांपैकी बहुतेकांच्या घरातून उघडा वस्तरा निघून गेलेला होता. रूपक मात्र टिकून राहिले. ज्या वस्तूच्या आधाराने ते उभे राहिले, ती वस्तू वाचकाच्या हाताला परकी झाली, एवढाच फरक पडला.

मराठीतील शब्दांचा प्रवास याहून गुंतागुंतीचा आहे. ‘क्षुरिका’ या रूपापासून आलेली ‘सुरी’ स्वयंपाकघरात गेली आणि दाढीच्या पात्यासाठी फारसीच्या वाटेने आलेला ‘वस्तरा’ रूढ झाला. ‘हजामत’ या शब्दाच्या मुळाशी असलेला अरबी धातू तर दाढीचा नाहीच. तुंबड्या लावून रक्त काढणाऱ्याचा तो व्यवसायवाचक शब्द होता. ‘न्हावी’ मात्र ‘नापित’ या जुन्या शब्दाशी नाते राखून आहे. कर्त्याचे नाव देशी, कर्माचे अरबी आणि साधनाचे फारसी अशी ही विभागणी आहे. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात, देवतेने आपल्याला क्षुराप्रमाणे तीक्ष्ण करावे अशी प्रार्थना येते. तिथे धारेच्या संदर्भात आलेला ‘भुरिज्’ हा द्विवचनी शब्द कात्रीच्या दोन पात्यांचा वाचक की धार लावण्याच्या साधनाच्या दोन भागांचा, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. साधन हरवले की शब्दाचा अर्थही कसा अधांतरी होतो, याचे हे बहुधा सर्वांत जुने भारतीय उदाहरण असावे.

जुने, गंजलेले, टाकून दिलेले वस्तरे मिळवून त्यांना पुन्हा धारेवर आणणे आणि त्यांनी स्वतःची दाढी करणे हा छंद गेल्या काही दशकांत युरोप-अमेरिकेत चांगलाच रुजला आहे. त्याकडे विरंगुळा म्हणून पाहिले जाते, आणि तो विरंगुळा आहेच. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला त्यात एक ओळखीचा प्रश्न दिसल्यावाचून राहत नाही. काळाने विद्रूप केलेली वस्तू ‘पूर्ववत’ करायची, तर कोणत्या पूर्वावस्थेकडे न्यायची? कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवसाकडे, की तिचा पहिला धनी ती रोज वापरत होता त्या काळाकडे? हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत हा प्रश्न जितका मूलभूत आहे, तितकाच तो इथेही आहे. आणि इथे चूक झाली तर ती दुरुस्त करता येत नाही.

ही वस्तू ‘जुनी’ कधी झाली, हे बऱ्याच नेमकेपणाने सांगता येते. जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’च्या आरंभी फेसाच्या वाडग्यावर आरसा आणि वस्तरा आडवे-उभे ठेवलेले आहेत. कादंबरीतील तो दिवस १६ जून १९०४ चा. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट याला बदलत्या पात्याच्या रेझरचे पेटंट मिळाले. आदल्या वर्षी, १९०३ मध्ये, त्याच्या कंपनीने अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती विकली होती. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख रेझर आणि ३ कोटी ६० लाख पात्यांची मागणी नोंदवली. युद्धाहून परतलेला तरुण आपल्या वडिलांच्या वस्तऱ्याकडे पुन्हा वळला नाही. १९२२ मध्ये ‘युलिसिस’ प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्या पहिल्याच पानावरची वस्तू मागच्या पिढीची होऊ लागली होती. जिलेटच्या शोधाने दाढी सोपी केली हे खरे. पण त्याहून मोठा बदल असा, की धार ही राखायची गोष्ट न राहता विकत घ्यायची आणि टाकून द्यायची गोष्ट झाली. दगडावर पाते कसे फिरवावे हे वडिलांकडून मुलाकडे जाणारे ज्ञान एका पिढीत खुंटले. आजचा छांदिष्ट ते पुस्तकांतून, इतरांना विचारून आणि पुष्कळसे स्वतःच्या गालावर प्रयोग करून पुन्हा उभे करतो.

मधल्या काळात जुने वस्तरे भंगाराच्या मोलाने विकले जात. १९८० मध्ये रॉबर्ट डॉइल यांचे वस्तऱ्यांच्या संग्रहाविषयीचे सचित्र पुस्तक किमतींच्या कोष्टकांसह प्रसिद्ध झाले. वस्तू संग्राह्य ठरल्याची ही एक खूण मानता येईल. पुढे जेफ्री ट्वीडेल यांच्यासारख्या इतिहासकारांनी शेफील्डच्या शेकडो कारखानदारांच्या कुळकथा लावून दिल्या आणि छांदिष्टाच्या हाती संदर्भाचे खरे साधन आले. त्यापूर्वी पात्यावरच्या छापाचा अर्थ लावणे हे ऐकीव माहितीचेच काम होते.

वस्तऱ्याचा इतिहास शेफील्डपासून सुरू होत नाही, पण छांदिष्टाच्या हाती पडणारा वस्तरा बहुधा तिथून निघालेला असतो. इंग्लंडच्या या गावात १६२४ साली संसदेच्या कायद्याने सुऱ्या-कात्र्या घडवणाऱ्यांची संघटना स्थापन झाली आणि प्रत्येक कारागिराच्या मुद्रेची नोंद ठेवण्याचा अधिकार तिला मिळाला. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने मुशीत पोलाद वितळवून ते एकजीव करण्याची रीत साधली. घड्याळाच्या स्प्रिंगसाठी त्याला निर्दोष पोलाद हवे होते. शेफील्डच्या कारागिरांनी सुरुवातीला हे पोलाद फार कठीण म्हणून नाकारले, त्याने ते फ्रान्सला विकले आणि तिथला माल इंग्लंडच्या बाजारात उतरू लागल्यावर शेफील्डचे डोळे उघडले, अशी परंपरागत हकीकत आहे. ती तपशिलात कितीही सजवलेली असो; त्यानंतरच्या वस्तऱ्यांवर ‘कास्ट स्टील’ हे शब्द अभिमानाने ठोकलेले दिसतात. १८२० ते १८२२ या काळात जेम्स स्टोडार्ट आणि मायकेल फॅराडे यांनी पोलादात चांदी, ऱ्होडियम इत्यादी धातू मिसळण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. फॅराडेने त्या पोलादाचे वस्तरे करवून मित्रांना भेट दिले. लगोलग बाजारात ‘सिल्व्हर स्टील’ असा छाप असलेल्या वस्तऱ्यांचे पेव फुटले. त्यांत चांदी किती आणि जाहिरात किती, हा भाग वेगळा.

पात्याच्या मागच्या बाजूला, मुठीत शिरण्यापूर्वी जी जाड मान असते, तिच्यावर हे छाप असतात. ग्रंथाच्या अखेरीस लेखनिकाची जी पुष्पिका असते तिचे सारे गुण या इंचभर जागेत आहेत. कारखानदाराचे नाव, गाव, पोलादाची जात आणि कधी राजमुद्रा. मुकुटाखाली ‘डब्ल्यू आर’ ही अक्षरे असतील तर वस्तरा चौथ्या विल्यमच्या, म्हणजे १८३० ते १८३७ च्या, काळातला. ‘व्ही आर’ असतील तर व्हिक्टोरिया राणी गादीवर आल्यानंतरचा. छापात ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ असे देशनाम आहे की नाही, हा आणखी एक पुरावा. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्याने १८९१ पासून आयात मालावर देशाचे नाव असणे बंधनकारक केले. म्हणून अमेरिकेत सापडलेला देशनामाविना वस्तरा त्याआधीचा असण्याचा संभव मोठा. परंतु घरच्या बाजारासाठी केलेल्या मालाला हा नियम लागू नव्हता, ही गोष्ट हौशी संग्राहक अनेकदा विसरतो आणि आपल्या वस्तऱ्याचे वय वीस-तीस वर्षांनी वाढवून बसतो. अंतर्गत पुरावा आणि बाह्य पुरावा एकमेकांशी ताडून पाहिल्याशिवाय तारीख ठरवू नये, ही पाठसंपादकाची शिस्त इथेही तितकीच लागू पडते. आकारही बोलतो. अठराव्या शतकातील वस्तऱ्याला शेपूट जवळजवळ नसतेच, असले तर आखूड बोटाएवढे. ते पुढच्या काळात लांबत गेले. जुनी पाती पाचरीसारखी भरीव, नंतरची दोन्ही अंगांनी खोलगट घासलेली.

या छापात एक नाव मात्र कधीच नसते. वस्तरा घडवणारा लोहार एका पडवीत काम करी, घासणारा दुसरीकडे, मूठ बसवणारा तिसऱ्या ठिकाणी. आणि ठोकलेले नाव व्यापारी कारखानदाराचे. यांपैकी घासणाऱ्याचे काम सर्वांत घातक. फिरत्या दगडासमोर घोडीवर बसून, तोंड दगडाकडे झुकवून तो दिवसभर पाते धरी, आणि दगडाची व पोलादाची धूळ त्याच्या छातीत जाई. डॉक्टर आर्नल्ड नाइट यांनी १८३० च्या सुमारास या रोगाकडे लक्ष वेधले. त्यांच्या निरीक्षणांचा आधार फ्रीड्रिश एंगेल्सने १८४५ च्या इंग्लंडमधील कामगारवर्गावरील आपल्या ग्रंथात घेतला. १८४३ मध्ये कॅल्व्हर्ट हॉलंड यांनी घासणाऱ्यांच्या फुफ्फुसांच्या विकारांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. कोरड्या दगडावर काटे घासणारे सर्वांत लवकर मरत. ओल्या दगडावर करवती घासणारे त्या मानाने जगत. वस्तरे घासणारे या दोहोंच्या मधले होते, कारण त्यांच्या कामात कोरडा आणि ओला असे दोन्ही दगड लागत. या माणसांची नावे वस्तऱ्यावर नाहीत. त्यांच्या हाताची एकच खूण पात्यावर राहते : दगडाच्या वळणाने उमटलेल्या अत्यंत बारीक, समांतर रेषा, आणि पाते किंचित तिरपे धरले गेले असेल तर दोन्ही बाजूंच्या खोलगटपणात राहिलेला थोडासा फरक.

जर्मनीतील सोलिंगेन हे या कथेतील दुसरे गाव. वुपर नदीच्या काठावरील पाणचक्क्यांवर तिथे शतकानुशतके पाती घासली जात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाते इतके खोलगट घासण्याची कला तिथे विकसित झाली, की नखाने टिचकी मारली तर ते गाते. स्वस्त जर्मन मालावर शेफील्डचे खोटे छाप मारले जातात, ही इंग्रज कारखानदारांची तक्रार १८८७ च्या मालमुद्रा कायद्यामागे होती. ‘मेड इन जर्मनी’ ही अक्षरे त्या कायद्याने कलंक म्हणून सक्तीची झाली आणि काही वर्षांतच गुणवत्तेची हमी मानली जाऊ लागली. १९३८ मध्ये ‘सोलिंगेन’ या नावालाच कायद्याचे संरक्षण मिळाले. नोव्हेंबर १९४४ मधील बॉम्बहल्ल्यांत जुने सोलिंगेन उद्ध्वस्त झाले. त्या आधीचा वस्तरा हाती आला की छांदिष्ट त्याला थोड्या वेगळ्या नजरेने पाहतो, ते यामुळे.

आता प्रत्यक्ष पुनःसंस्काराकडे वळता येईल. पाते मुठीपासून सुटे करायचे म्हणजे दोन-तीन बारीक रिव्हेट कापून काढायच्या. गंज उतरवण्यासाठी क्रमाक्रमाने बारीक होत जाणारे पॉलिश पेपर, तेल आणि तासन्‌तास सबुरी. यंत्रावर फिरणारे कापडी चाक वापरले तर काम मिनिटांत होते, पण पाते तापते. कडेला निळसर छटा दिसली की पोलादाचे पाणी उतरले असे समजावे, आणि उतरलेले पाणी घरच्या साधनांनी परत चढत नाही. मुठीच्या पट्ट्या शिंगाच्या असतील तर तेल पाजून त्यांचा कोरडेपणा घालवता येतो. हस्तिदंत किंवा कासवाचे कवच असेल तर प्रश्न कारागिरीचा राहत नाही, कायद्याचा होतो; ब्रिटनमध्ये २०१८ चा हस्तिदंतविषयक कायदा जून २०२२ मध्ये अमलात आल्यापासून असे वस्तरे विकणे फार मर्यादित अटींवरच शक्य आहे. सेल्युलॉइडची अडचण निराळी. १८७० च्या आसपास अमेरिकेत निघालेला हा पदार्थ हस्तिदंताची हुबेहूब नक्कल करी. मात्र म्हातारा झाला की तो आम्लधर्मी वाफा सोडू लागतो आणि ज्या पात्याचे त्याने रक्षण करायचे, तेच मिटलेल्या मुठीत आतून खाल्ले जाते. अशी मूठ कितीही देखणी असली तरी ती वेगळी करून दूर ठेवण्यावाचून इलाज नसतो.

खरा वाद पात्याच्या पृष्ठभागाविषयी आहे. छांदिष्टांपैकी एक मोठा वर्ग पाते आरशासारखे लख्ख करतो. गंजाचे सारे खड्डे जाईपर्यंत धातू घासला जातो. सूर्यप्रकाशात चेहरा दिसला की काम पुरे. दुसरा वर्ग फक्त जिवंत, लाल गंज काढतो आणि काळवट झालेला जुना थर तसाच राखतो, कारण तो थर पुढच्या गंजाला काही प्रमाणात अडवतो आणि वयाची साक्षही देतो. पहिल्या वर्गाचा युक्तिवाद पोकळ नाही. लाकडी चाकांवर चामडे चढवून, त्यावर कुरुंदाची पूड लावून आणि शेवटी लोहभस्माची तांबडी पूड देऊन शेफील्डमध्येही पाती लख्ख केली जात. तेव्हा काळवटपणा हा मूळ पाठ नव्हेच, तो प्रक्षेप आहे, असे हा वर्ग म्हणतो. परंतु त्या जुन्या टणक चाकांनी कडा टोकदार राहत. आजचे मऊ कापडी चाक कडा गोल करते, खोलगट भागाची रेषा बुजवते, छापाची अक्षरे पुसट करते आणि आम्लाने पात्यावर कोरलेली जहाजे, गरुड, अमेरिकन ग्राहकांसाठी लिहिलेली देशभक्तीची बोधवाक्ये सर्वांत आधी नाहीशी करते. कोरीवकाम केसाहूनही उथळ असते. अशा रीतीने जे पाते तयार होते ते कोणत्याही काळात अस्तित्वात नव्हते.

एकोणिसाव्या शतकातील वास्तुविचाराला हा वाद परिचित आहे. व्हियोले-ल-द्यूक याने १८६६ मध्ये पुनःस्थापनेची व्याख्या करताना ती इमारतीला कदाचित कधीच नसलेली पूर्णावस्था देते, हे निःसंकोच मान्य केले होते. जॉन रस्किनने त्याआधीच, १८४९ मध्ये, असल्या पुनःस्थापनेला वास्तूचा संपूर्ण विनाश ठरवले होते. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी जी संस्था काढली, तिला भिंतींचे जुने थर खरवडण्याच्या विरोधामुळे ‘खरवडविरोधी’ असे टोपणनाव मिळाले. योगायोग असा की रस्किनने कामगारांसाठी काढलेले संग्रहालय १८७५ मध्ये शेफील्डच्याच वॉकली भागात उघडले. ज्या कारागिरांच्या हातखुणांचा प्रश्न इथे आहे, त्यांच्यासाठीच ते होते.

मराठी अभ्यासकाला या संदर्भात आणखी जवळची उदाहरणे आहेत. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रतिशुद्धी केली. तिच्यानंतर मराठी मनाने तो पाठ प्रमाण मानला. १९०९ मध्ये राजवाड्यांनी एकनाथपूर्व मानलेल्या प्रतीवरून आपली ज्ञानेश्वरी छापली आणि शुद्धीपूर्वी काय होते हा प्रश्न पुन्हा उभा केला. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत विष्णु सीताराम सुखटणकरांनी १९३३ च्या आपल्या प्रदीर्घ प्रस्तावनेत स्पष्ट केले, की व्यासांची मूळ संहिता पुन्हा मिळवण्याचा दावा येथे नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जितके मागे जाता येते तितकेच जायचे. आणि जे श्लोक संहितेतून वगळले, ते तळटीपांत व परिशिष्टांत जपून ठेवले. इथे दोन व्यवहारांतील साम्य संपते. वस्तऱ्यावरून घासून काढलेल्या थराला तळटीप नसते. एकदा खरवडलेले पोलाद पाण्याबरोबर वाहून जाते, आणि त्याबरोबर घासणाऱ्या त्या अनामिक माणसाची एकुलती एक खूणही. लख्ख केलेल्या पात्यावर शेवटी उरते ते, उरलेच तर, कारखानदाराचे खोल ठोकलेले नाव.

म्हणून काळवट थर राखणाऱ्यांचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. पण तोही पूर्णपणे निर्दोष नाही. वस्तू संग्रहालयात ठेवायची असती तर तेल लावून ती पेटीत बंद करता आली असती. छांदिष्टाला ती वापरायची आहे, आणि वापर म्हणजे झीज. धार लावताना पात्याची पाठ आणि कड दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. पाठीची जाडीच धारेचा कोन ठरवते. वस्तरा घडवणाऱ्याने कोन पात्यातच लिहून ठेवलेला असतो, धार लावणाऱ्याने तो फक्त वाचायचा. मात्र प्रत्येक वेळी पाठ थोडी झिजते, पाते थोडे अरुंद होते. जुन्या वस्तऱ्याच्या पाठीवर दिसणाऱ्या सपाट, चकाकत्या पट्ट्या म्हणजे मागच्या धन्यांच्या धार लावण्याचा साचलेला इतिहास. एका बाजूची पट्टी रुंद आणि दुसरीची अरुंद असेल तर त्याचा हात एका अंगाला जड पडत होता. धारेची रेषा मधोमध आत गेली असेल तर दगड सपाट नव्हता. पाठ या मराठी शब्दाचे दोन्ही अर्थ इथे एकत्र येतात, हा केवळ श्लेष नव्हे.

धार लावण्याचे दगड हा या छंदातील सर्वांत रम्य भाग होय. बेल्जियमच्या आर्देन प्रदेशात व्हील्साल्मच्या परिसरात पिवळसर दगडाचे पातळ थर सापडतात. लॅटिनमधील ‘लहान निसणा’ या अर्थाच्या शब्दावरून त्याला ‘कोटिक्यूल’ म्हणतात. त्यात माणकासारख्या गार्नेट या खनिजाचे सूक्ष्म स्फटिक असतात आणि तेच पोलाद कापतात. थर इतका नाजूक की पाठीला पाटीचा दगड चिकटवून तो विकावा लागतो. जर्मनीतील थुरिंगियाचे करडे-हिरवट दगडही एकेकाळी जगभर जात. तिथल्या जुन्या खाणींचे काम केव्हाच थांबले आणि उरलेल्या दगडांना आज वस्तऱ्याहून अधिक मोल येते. आता बहुतेक जण जपानी कृत्रिम दगड वापरतात : कड बसवायला १००० चा, मग ४०००, ८०००, १२०००. कानाला आवाजात होणारा बदल कळू लागतो, पाण्याचा पातळ थर पात्यापुढे उठू लागतो, मग तागाच्या पट्ट्यावर आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाते ओढायचे, तेही धार मागे आणि पाठ पुढे ठेवून. उलट ओढले तर पट्टा कापला जातो. ही सारी क्रिया घाईने होत नाही. आनंद कशात आहे असे विचारले तर छांदिष्ट सहसा दाढीच्या गुळगुळीतपणाचे नाव घेत नाही. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी घडवलेली धार स्वतःच्या गालावर पुन्हा बोलती झाली, ही जाणीव त्याला पुरते.

स्वतःच स्वतःची दाढी करणे ही कल्पनाही तशी फार जुनी नाही. पॅरिसचा पातेकार झाँ-झाक पेरे याने १७६९ मध्ये ‘पोगोनोतोमी’ हे पुस्तक लिहिले, ते लोकांना हीच विद्या शिकवण्यासाठी. तोवर सुखवस्तू पुरुष आपला गळा दुसऱ्याच्या हाती सोपवत असे. या सोपवण्यातील भय पाश्चात्त्य साहित्याने पुष्कळ वापरले आहे. १८४६-४७ मध्ये लंडनच्या एका साप्ताहिकात स्वीनी टॉड या खुनी न्हाव्याची कथा क्रमशः आली. हर्मन मेल्व्हिलच्या ‘बेनितो सेरेनो’ या १८५५ च्या दीर्घकथेत गुलाम बाबो आपल्या नामधारी मालकाची दाढी करतो, आणि सत्ता खरोखर कोणाच्या हातात आहे हे वस्तरा सांगतो. भोळ्या अमेरिकन कप्तानाला मात्र त्यात सेवकाची निष्ठा दिसते. आजच्या छंदात हे दोन टोकांचे संबंध उरलेले नाहीत. वस्तरा धरणारा हात आणि वस्तऱ्याखालचा गळा एकाच माणसाचे आहेत, आणि म्हणूनच त्याला हा व्यवहार निर्मळ आनंदाचा वाटू शकतो.

महाराष्ट्रात तो तितका निर्मळ वाटणे कठीण आहे. इथे वस्तरा घरातल्या पुरुषाचा नव्हता. तो गावच्या न्हाव्याच्या धोकटीत होता आणि न्हावी बारा बलुतेदारांपैकी एक होता. ज्याच्या हाताखाली साऱ्या गावाने मान द्यायची, त्याचे स्थान मात्र गावाने खालचे ठरवलेले; ‘हजामत करणे’ याला भाषेने जो उपहासाचा अर्थ चिकटवला, तो या व्यवस्थेतूनच आला. सेना न्हावी यांच्या नावावरील प्रसिद्ध अभंगात व्यवसायाचे संपूर्ण आध्यात्मिक रूपक रचलेले आहे. त्याच्या प्रचलित पाठात आरसा आहे, चिमटा आहे, पाणी आहे. वस्तऱ्याचे नाव मात्र नाही. कठोपनिषदाला जी धार हवी होती, ती रोज हातात धरणाऱ्या संताने आपल्या रूपकाबाहेर ठेवावी, ही गोष्ट तुलनाकारांनी विचारात घेण्याजोगी आहे.

याच वस्तऱ्याने एक वेगळाच इतिहास घडवला. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी सभा घेऊन विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार केला. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीची त्याला पार्श्वभूमी होती. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ क्रमशः येऊ लागली आणि १८९३ मध्ये ती ग्रंथरूपाने निघाली. तिच्या अखेरीस यमूचे बळजबरीने केशवपन होते. एकीकडे वस्तरा धरणाऱ्याने तो खाली ठेवला, दुसरीकडे कादंबरीकाराने वस्तऱ्याखालच्या मुलीची कैफियत तिच्याच आवाजात मांडली. दोन्ही घटना एकाच गावात घडल्या नाहीत आणि एकीने दुसरीला जन्म दिला असेही म्हणण्याचे कारण नाही. परंतु मराठीत वस्तऱ्याचा इतिहास लिहायचा तर त्याला शेफील्डच्या पोलादाइतकाच या वर्षाचा आधार घ्यावा लागेल.

मराठी मुलखातील केशकर्तनालयांत अखंड पात्याचा वस्तरा आता क्वचितच दिसतो. एच.आय.व्ही.च्या संसर्गाविषयी जाणीव वाढली तसतसा, दर गिऱ्हाइकागणिक नवे अर्धे ब्लेड बसवता येणारा वस्तरा सर्वत्र आला, आणि आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले. जुना वस्तरा कुठे उरला असेल तर एखाद्या घरात, धोकटीच्या तळाशी. तो लख्ख करून काचेच्या कपाटात मांडावा असे त्या घरातल्या तरुणाला वाटेलच असे नाही; ज्या धंद्यातून बाहेर पडण्यासाठी दोन पिढ्या खपल्या, त्याच्या साधनाकडे छंद म्हणून पाहण्याची मुभा सर्वांना सारखी नसते. असा एखादा वस्तरा अभ्यासकाच्या हाती आला, तर त्याने काचकागद हाती घेण्यापूर्वी तो आहे तसा मोजावा, त्याचे छायाचित्र काढावे. वर्षानुवर्षे निसण्यावर फिरून पाते मूळच्या निम्म्या रुंदीवर आलेले असेल. पाठीवरची झीज दिवसाला अनेक दाढ्या करणाऱ्या हाताची असेल. आणि मानेवर, जिथे कारखानदाराचे नाव ठोकलेले होते, तिथे बोटांच्या रोजच्या घर्षणाने अक्षरे पुसट होत गेलेली असतील.